वाटेत मिसळलेला डेटा मुक्कामी वेगळा कसा होतो?

आपण मोबाइलवरून एखादे छायाचित्र पाठवतो तेव्हा ते अनेक लहान तुकड्यांत विभागले जाते आणि प्रत्येक तुकडा, म्हणजे प्रत्येक पॅकेट, स्वतःच्या पत्त्यासह प्रवासाला निघते. वाटेतला प्रत्येक राउटर तो पत्ता वाचतो आणि पॅकेट पुढच्या टप्प्यावर रवाना करतो. आतल्या मजकुराशी त्याला काही कर्तव्य नसते. टपालाची पिशवी आणि मालट्रकमधले पोते यांची वाहतूकही अशीच होते, आणि कदाचित म्हणूनच या पद्धतीमागचे एक गृहीतक दीर्घकाळ कोणाला फारसे खटकले नाही. ते गृहीतक असे की एका वेळी एकाच पॅकेटाला पुरेल एवढ्या जागेत दोन पॅकेटे मावू शकत नाहीत. पोत्यांच्या बाबतीत ते खरेच आहे. डेटा मात्र अखेरीस संख्यांच्या रूपात असतो, आणि दोन संख्यांची योग्य तऱ्हेने केलेली बेरीज ही तितक्याच अंकांत मावणारी तिसरी संख्या असते. वाटेतल्या राउटरने पॅकेटे केवळ पुढे न ढकलता ती एकमेकांत मिसळून पाठवली तर काय साधते आणि काय बिघडते, याचा अभ्यास म्हणजे नेटवर्क कोडिंग.

या विषयाचा जो भाग बहुतेक ठिकाणी समजावून सांगितला जातो तो एकाच उगमाचा आहे: एक जण पाठवतो आणि अनेकांना तोच मजकूर हवा असतो. मला येथे त्याच्या पुढच्या, अधिक अवघड आणि माझ्या मते अधिक महत्त्वाच्या भागाविषयी लिहायचे आहे. प्रत्यक्ष महाजालावर लाखो जोड्या एकाच वेळी बोलत असतात, प्रत्येक जोडीचा मजकूर निराळा असतो आणि सर्वांच्या वाटा मात्र सामाईक असतात. अशा अनेक स्वतंत्र प्रवाहांची पॅकेटे परस्परांत मिसळावीत का, हा तो प्रश्न आहे.

आधी मिसळणे म्हणजे काय ते पाहू. संगणकाचा डेटा ० आणि १ या अंकांचा बनलेला असतो. दोन पॅकेटे एकाखाली एक मांडावीत आणि प्रत्येक स्थानावरचे अंक सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १ लिहावा. या क्रियेला एक्सॉर म्हणतात. १०११ आणि ०११० यांचे एक्सॉर ११०१ येते. आता ज्याच्याजवळ १०११ आधीपासून आहे त्याने ११०१ शी त्याचे पुन्हा एक्सॉर केले तर त्याला ०११० परत मिळते. मिसळलेले पॅकेट मूळ पॅकेटाएवढेच लांब असते आणि दोन मूळ पॅकेटांपैकी एक ज्याच्या हाती आहे त्याला दुसरे निश्चितपणे काढता येते. ज्याच्या हाती दोन्हीपैकी एकही नाही त्याच्यासाठी मात्र ते मिसळलेले पॅकेट निरर्थक अंकांची रांग असते. पुढचे सगळे नाट्य या दोन वाक्यांतल्या फरकातून घडते.

एक लहान जाळे कल्पू या. ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन प्रेषक आहेत, ‘त’ आणि ‘थ’ हे दोन ग्राहक आहेत. ‘अ’चा मजकूर ‘त’ला हवा आहे आणि ‘ब’चा मजकूर ‘थ’ला. दोन्ही प्रेषकांच्या तारा ‘म’ या केंद्रात येतात, ‘म’पासून ‘न’पर्यंत एकच तार आहे आणि ‘न’पासून दोन्ही ग्राहकांकडे एकेक तार जाते. याखेरीज ‘अ’पासून ‘थ’कडे आणि ‘ब’पासून ‘त’कडे अशा दोन आडवाटा आहेत, म्हणजे प्रत्येक प्रेषकाची थेट तार नेमकी चुकीच्या ग्राहकाकडे जाते. प्रत्येक तारेतून, तिच्या ठरलेल्या दिशेने, एका क्षणाला एक पॅकेट जाऊ शकते. केवळ पुढे पाठवण्याची पद्धत वापरली तर ‘म’ ते ‘न’ ही तार दोघांना आळीपाळीने वापरावी लागेल आणि प्रत्येकाला निम्माच वेग मिळेल. परंतु ‘म’ने दोन्ही पॅकेटांचे एक्सॉर करून ते एकच पॅकेट पुढे पाठवले, तर ‘त’कडे ते मिश्रण पोहोचते आणि ‘ब’चे पॅकेट आडवाटेने आधीच आलेले असते, त्यावरून तो ‘अ’चे पॅकेट काढतो. ‘थ’ही तसेच करतो. दोघांना पूर्ण वेग मिळतो आणि एकही नवी तार टाकावी लागत नाही.

येथे आडवाटेने आलेले पॅकेट काय काम करते ते नीट पाहावे. ‘त’ला ‘ब’च्या मजकुराची स्वतःसाठी काहीही गरज नाही. मधल्या तारेवर ‘अ’च्या पॅकेटात ‘ब’चे पॅकेट मिसळले गेले हे ‘त’च्या दृष्टीने विष कालवल्यासारखे आहे, आणि आडवाटेने आलेले पॅकेट हा त्या विषावरचा उतारा आहे. उतारा वेळेवर आणि योग्य ठिकाणी पोहोचला तरच मिश्रणाचा लाभ होतो. ‘ब’ ते ‘त’ ही आडवाट काढून टाका, आणि तेच मिश्रण ‘त’साठी पूर्णपणे निरुपयोगी ठरते. अनेक प्रवाहांच्या नेटवर्क कोडिंगमधली जवळजवळ प्रत्येक अडचण ही अखेरीस उतारा कोठून आणायचा याची अडचण असते.

एकाच उगमाच्या प्रकरणात ही अडचण नसते आणि म्हणूनच तेथील सिद्धांत इतका देखणा आहे. २००० साली रुडॉल्फ आल्सवेडे, निंग साय, शुओ-येन रॉबर्ट ली आणि रेमंड युंग यांनी सिद्ध केले की एका उगमापासून प्रत्येक ग्राहकापर्यंत, तो एकटाच असता तर जो वेग मिळाला असता, तोच वेग वाटेत मिसळण्याची मुभा दिल्यास सर्व ग्राहकांना एकाच वेळी मिळू शकतो. एकट्या ग्राहकाचा कमाल वेग कसा काढायचा हे १९५६ पासून माहीत होते: जाळ्याचे उगम एका बाजूला आणि ग्राहक दुसऱ्या बाजूला राहील असे दोन भाग करावेत, मधल्या तारांची एकूण क्षमता मोजावी आणि अशा सर्व छेदांपैकी सर्वांत अरुंद छेद शोधावा. २००३ साली ली, युंग आणि साय यांनी दाखवले की या एका उगमाच्या प्रकरणात साध्या रेषीय मिश्रणाने, म्हणजे पॅकेटांना ठरावीक संख्यांनी गुणून त्यांची बेरीज करण्याने, काम भागते. त्यानंतर ट्रेसी हो, म्युरियल मेदार, राल्फ कोटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी सोपी गोष्ट दाखवली: ते गुणक यदृच्छेने निवडले तरी चालते. संख्यांचा संच पुरेसा मोठा असला की ग्राहकाकडे येणारी समीकरणे बहुधा परस्परांपासून स्वतंत्र असतात, आणि पुरेशी समीकरणे जमली की तो सर्व अज्ञात पॅकेटे सोडवून काढतो. येथे प्रत्येक ग्राहकाला सगळेच हवे असल्याने कोणतेही मिश्रण त्याच्यासाठी विष ठरत नाही.

अनेक स्वतंत्र प्रवाहांत ही यदृच्छेची युक्ती उलटते. वाटेतल्या प्रत्येक केंद्राने समोर येईल ते मिसळायचे ठरवले, तर शंभर जोड्यांच्या जाळ्यात एखाद्या ग्राहकाकडे शंभर अज्ञातांची समीकरणे येतील आणि त्याला हवे असलेले एक पॅकेट मिळवण्यासाठी नको असलेली नव्व्याण्णवही सोडवावी लागतील. तेवढी समीकरणे त्याच्यापर्यंत पोहोचवण्याइतकी जागा तारांत असती तर मुळात कोंडीच झाली नसती. म्हणून येथे कोणाचे पॅकेट कोणाच्या पॅकेटात, कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या गुणकाने मिसळायचे याची काळजीपूर्वक आखणी करावी लागते.

आखणी जमली तर लाभ किती मोठा असू शकतो याचे एक सोपे उदाहरण देता येते. दहा जोड्या आहेत, सर्वांना एकाच सामाईक तारेतून जावे लागते आणि प्रत्येक ग्राहकाकडे इतर नऊ प्रेषकांच्या आडवाटा येतात, फक्त स्वतःच्या प्रेषकाची येत नाही. आळीपाळीने पाठवल्यास प्रत्येकाला एक दशांश वेग मिळतो. सामाईक तारेवर दहाही पॅकेटांचे एक्सॉर पाठवले तर प्रत्येक ग्राहक नऊ उतारे वापरून आपले पॅकेट काढतो आणि प्रत्येकाला पूर्ण वेग मिळतो. जोड्या शंभर केल्या तर लाभ शंभरपट होतो. ठरावीक दिशेने वाहणाऱ्या तारांच्या जाळ्यात या लाभाला वरची मर्यादाच नाही.

आखणीची आणखी एक सूक्ष्म युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. ग्राहकाला नको असलेली पॅकेटे प्रत्येकी वेगळी सोडवून काढायची गरज नसते. समजा एखाद्याला फक्त ‘क्ष’ हवा आहे, एका वाटेने त्याच्याकडे ‘क्ष’, ‘य’ आणि ‘ज्ञ’ यांची बेरीज आली आणि दुसऱ्या वाटेने ‘य’ आणि ‘ज्ञ’ यांची बेरीज आली. अज्ञात तीन आणि समीकरणे दोनच, तरीही वजाबाकी केली की ‘क्ष’ हाती येतो. ‘य’ किती आणि ‘ज्ञ’ किती हे त्याला कधीच कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही. नको असलेला सगळा गोंगाट असा एकाच साच्यात बसवला की तो एकाच उताऱ्याने निघून जातो. ही कल्पना बिनतारी संदेशवहनात व्यतिकराच्या, म्हणजे एकाच्या लहरींनी दुसऱ्याच्या लहरींत आणलेल्या व्यत्ययाच्या, संदर्भात पुढे आली होती आणि २०१० च्या सुमारास संशोधकांनी ती अनेक प्रवाहांच्या जाळ्यांनाही लावून पाहिली.

उतारा आणण्याची गरज बिनतारी जाळ्यात बरीच कमी होते, कारण तेथे हवेत सोडलेले पॅकेट आसपासच्या सर्वांच्या कानी पडतेच. डोंगराच्या दोन अंगांना दोन गावे आहेत, ती एकमेकांना थेट ऐकू शकत नाहीत आणि माथ्यावर एक रिले केंद्र आहे असे समजा. पहिल्या गावाने एक पॅकेट वर पाठवायचे, केंद्राने ते खाली दुसऱ्या गावाला द्यायचे आणि उलट दिशेलाही तसेच करायचे, तर एका देवाणघेवाणीला चार प्रक्षेपणे लागतात. केंद्राने दोन्ही पॅकेटे घेऊन त्यांचे एक्सॉर एकदाच प्रक्षेपित केले तर तीन पुरतात, कारण प्रत्येक गावाकडे आपण स्वतः पाठवलेल्या पॅकेटाची प्रत असतेच. तोच त्याचा उतारा. दोन्ही गावांनी एकाच वेळी प्रक्षेपण केले आणि हवेतच मिसळलेल्या लहरी केंद्राने योग्य प्रक्रिया करून परत पाठवल्या तर दोन टप्प्यांतही काम होते.

याच तत्त्वावर २००६ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये ‘कोप’ नावाची प्रणाली प्रत्यक्ष उभारली गेली. तिच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक सचिन कट्टी हे पवईच्या आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. (एका उगमाच्या प्रकरणात योग्य मिश्रण झटपट शोधून देणाऱ्या रीतींवर ज्यांचे नाव आहे ते सिद्धार्थ जग्गी हेही त्याच संस्थेतले.) कोपमधले प्रत्येक केंद्र शेजाऱ्यांची प्रक्षेपणे ऐकून काही काळ साठवून ठेवते आणि आपण काय काय ऐकले याची यादी शेजाऱ्यांना कळवत राहते. पाठवण्याची वेळ आली की केंद्र एकच कसोटी लावते: जितकी पॅकेटे मिसळायची आहेत त्यांतले प्रत्येक पॅकेट ज्याच्यासाठी आहे, त्याच्याजवळ बाकीची सगळी पॅकेटे आधीपासून असली पाहिजेत. वीस केंद्रांच्या जाळ्यावरील चाचणीत लाभ काही टक्क्यांपासून कित्येक पटींपर्यंत दिसला. वर्दळ कशी आहे, कोंडी किती आहे आणि पॅकेटे कोणत्या नियमाने पाठवली जातात यावर तो अवलंबून होता. गर्दी नसेल तर केंद्राच्या रांगेत मिसळण्याजोगी दुसरी पॅकेटेच नसतात, आणि नियमानुसार पॅकेट हरवताच आपला वेग कमी करणारे प्रेषक असतील तर रांग भरतच नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे.

गुप्ततेविषयीची शंका येथे स्वाभाविक आहे, कारण उतारा म्हणून माझ्या ग्राहकाकडे तुमचे पॅकेट जाणार. दोन्ही टोकांनी आपापला मजकूर आधीच कूटबद्ध केलेला असेल तर मिसळण्याची क्रिया कूटबद्ध अंकांवरच होते आणि उतारा धारण करणाऱ्याला त्यातला अर्थ कळत नाही. खरी काळजी वेगळी आहे. वाटेत कोणी एक बिघडलेले किंवा मुद्दाम खोटे पॅकेट सोडले, तर ते ज्या ज्या मिश्रणात जाईल ती सर्व नासतात, आणि अनेक प्रवाहांच्या जाळ्यात त्याची झळ ज्यांचा त्या पॅकेटाशी काहीही संबंध नाही अशांनाही बसते. माझ्या मते, स्वतंत्र प्रवाह मिसळण्याला हिशेबाच्या किचकटपणाइतकाच अडसर या धोक्याचा आहे.

आता सिद्धांताकडे परत येऊ. एका उगमासाठी सर्वांत अरुंद छेद पाहिला की उत्तर मिळते. अनेक प्रवाहांसाठी तसे कोणतेही सोपे माप सापडलेले नाही. प्रवाह फक्त दोन असतील तर बरे असेल असे वाटते, पण २०१४ साली सुदीप कामत, डेव्हिड त्से आणि चिह-चुन वांग यांनी दाखवले की कितीही प्रवाहांचा प्रश्न दोन प्रवाहांच्या प्रश्नात रूपांतरित करता येतो, म्हणजे दोनाचा प्रश्नही सर्वसाधारण प्रश्नाइतकाच कठीण आहे. त्याआधी, २००५ साली, रँडल डॉहर्टी, ख्रिस्तोफर फ्रायलिंग आणि केनेथ झेगर यांनी आणखी एक आशा मोडून काढली होती. एका उगमाप्रमाणे येथेही रेषीय मिश्रणे पुरतील असा अनेकांचा कयास होता. या तिघांनी असे जाळे रचले की त्याच्या एका भागाला १ आणि १ मिळून ० होणारे अंकगणित लागते, आणि दुसऱ्या भागाला नेमके ते चालत नाही. कोणतीही एक रेषीय पद्धत दोन्ही भागांना एकाच वेळी पुरी पडत नाही. तरीही चार चिन्हांच्या वर्णमालेवर एका ठिकाणी एक प्रकारची बेरीज आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या प्रकारची बेरीज वापरणारी रेषीय नसलेली पद्धत तेथे सर्वांच्या मागण्या पुरवते.

याच वाटेवर २०२२ साली हाँगकाँगच्या चेउक टिंग ली यांनी जे सिद्ध केले ते अधिकच मूलभूत आहे. एखादे जाळे आणि त्यातल्या सर्व ग्राहकांच्या मागण्या दिल्या असता, त्या कोणत्या तरी मिश्रणपद्धतीने पुरवता येतील की नाही, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारा संगणकीय आज्ञावलीचा कोणताही नमुना असूच शकत नाही. येथे वेळ फार लागतो एवढाच मुद्दा नाही. हा प्रश्न, एखादी आज्ञावली कधी थांबेल की नाही या प्रसिद्ध प्रश्नाच्याच जातीचा, अनिर्णेय आहे. तारा, केंद्रे आणि बेरजा यांच्या साध्या सामग्रीतून गणिताची ही सीमारेषा गाठली जावी, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

शेवटी एका अशा प्रश्नाविषयी लिहितो ज्याचे उत्तर उलट दिशेचे असावे असे बहुतेकांना वाटते. आतापर्यंत आपण प्रत्येक तारेची दिशा ठरलेली धरली. ती अट काढून टाकू. तारेची क्षमता दोन्ही दिशांत हवी तशी वाटून घेता येते असे मानू आणि मघाच्या जाळ्याकडे पुन्हा पाहू. ‘अ’ने आपला निम्मा डेटा ‘म’कडे, तेथून ‘ब’कडे आणि तेथून आडवाटेने ‘त’कडे पाठवावा, उरलेला निम्मा आडवाटेने ‘थ’कडे, तेथून ‘न’कडे आणि तेथून ‘त’कडे पाठवावा. ‘ब’नेही याचे प्रतिबिंब असलेल्या वाटा घ्याव्यात: निम्मा ‘म’, ‘अ’ यांच्यावरून ‘थ’कडे, निम्मा ‘त’, ‘न’ यांच्यावरून ‘थ’कडे. तारांची बेरीज कागदावर करून पाहावी. वापरलेल्या प्रत्येक तारेवर दोन निम्मे भार येतात, दोघांना पूर्ण वेग मिळतो, एकही पॅकेट मिसळावे लागत नाही, आणि जिच्यावरून सगळी कोंडी झाली होती ती ‘म’ ते ‘न’ ही मधली तार चक्क रिकामी राहते.

हे केवळ या एका जाळ्याचे वैशिष्ट्य आहे का? झोंगपेंग ली आणि बाओचुन ली यांनी २००४ साली अशी अटकळ मांडली की दिशा न ठरलेल्या कोणत्याही जाळ्यात, जोड्या कितीही असल्या तरी, स्वतंत्र प्रवाह मिसळून मिळणारा वेग डेटाचे भाग पाडून निरनिराळ्या वाटांनी पाठवून मिळणाऱ्या वेगापेक्षा कधीच जास्त नसतो. ती आजवर सिद्ध झालेली नाही आणि खोटीही ठरलेली नाही. २०१७ साली मार्क ब्रेव्हरमन, सुमेघा गर्ग आणि एरियल श्वार्ट्झमन यांनी दाखवले की येथे मधला मार्ग नाही: असे एक जरी जाळे सापडले की जेथे मिसळण्याने किंचितही लाभ होतो, तर त्याच्यापासून अशी मोठमोठी जाळी बांधता येतात की ज्यांत तो लाभ आकाराबरोबर वाढत जातो.

या अटकळीचे परिणाम संदेशवहनाच्या बाहेर पोहोचतात. शाळेत शिकवलेल्या रीतीने दोन लांबलचक संख्यांचा गुणाकार केला तर श्रम अंकांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. १९७१ साली शोनहागे आणि श्ट्रासेन यांनी त्याहून खूपच जलद रीत दिली आणि असा अंदाज वर्तवला की खरी मर्यादा अंकांची संख्या गुणिले तिचा लॉगॅरिदम एवढी असावी. २०१९ साली डेव्हिड हार्वे आणि योरिस व्हान डर हूवेन यांनी तेवढ्या श्रमात गुणाकार करणारी रीत शोधली. त्याहून कमी श्रमात गुणाकार होणारच नाही, हे मात्र कोणाला सिद्ध करता आलेले नाही. त्याच वर्षी पेमन अफशानी, कॅस्पर फ्रेक्सेन, लिओर कम्मा आणि कॅस्पर ग्रीन लार्सेन यांनी दाखवले की ली आणि ली यांची अटकळ खरी असेल तर तर्कद्वारांच्या मंडलांसाठी, म्हणजे ० आणि १ वर साध्या क्रिया करणारे घटक तारांनी जोडून केलेल्या रचनांसाठी, ही खालची मर्यादा आपोआप सिद्ध होते. मंडलातल्या तारांकडे जाळे म्हणून पाहावे, गुणाकारातून अंकांची होणारी सरकवासरकव हे अनेक प्रवाह मानावेत, आणि त्या प्रवाहांना एकमेकांत मिसळून जागा वाचवता येत नसेल तर तेवढ्या तारा, आणि म्हणून तेवढी तर्कद्वारे, लागणारच असा तो युक्तिवाद आहे.